एक किलोमीटरची अट : आरटीईच्या २५ टक्के जागा आणि महाराष्ट्राची २०२४ची अधिसूचना

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने राजपत्रात एक छोटी अधिसूचना प्रसिद्ध केली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचे (आरटीईचे) जे नियम राज्याने २०११ साली केले होते, त्यांत एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे पोटवाक्य, वाढवण्यात आले. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती खासगी शाळा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या २५ टक्के मोफत प्रवेशांसाठी धरायची नाही, असा त्याचा आशय. मजकूर मोजक्या ओळींचा. पण मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत जिच्या एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा एखाद्या जुन्या संस्थेची अनुदानित शाळा नाही, अशी खासगी शाळा शोधूनच काढावी लागेल. खेड्यांत तर वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हा आपल्याच धोरणाचा जुना निकष आहे. कागदावर ही अट अंतराची होती. प्रत्यक्षात राज्यातल्या बहुतेक खासगी शाळांना तिने कायद्यातून मोकळे केले.

त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, ९ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासगी शाळांच्या संघटनेची याचिका फेटाळली आणि हा विषय संपला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी अधिसूचनेला स्थगिती दिली होती आणि १९ जुलै रोजी ती रद्दच केली होती. पालकांच्या बाजूने हा मोठा विजय होता आणि तो तसाच सांगितला जातो. मला मात्र हे प्रकरण आणखी एका कारणासाठी बारकाईने पाहावेसे वाटते. शासनाने पुढे केलेला प्रश्न खोटा नव्हता. सरकारी शाळांचा पट खरोखर घसरतो आहे. पण त्या घसरणीची किंमत ज्यांच्याकडून वसूल करायला शासन निघाले, ती राज्यातली सर्वांत कमी पर्याय असलेली मुले होती. न्यायालयाने अधिसूचना रद्द केली. ज्या अडचणीतून ती निघाली, ती अडचण मात्र होती तिथेच आहे.

कायद्यात नेमके काय आहे

२००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्या हक्काला हातपाय देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लोकांच्या तोंडी तो आरटीई. त्याचे कलम १२ शाळांचे प्रकार करून प्रत्येकाची जबाबदारी ठरवते. सरकारी शाळेने सगळ्याच मुलांना मोफत शिकवायचे. अनुदानित शाळेने मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणात, पण किमान २५ टक्के मुलांना मोफत शिकवायचे. विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित गटांतील आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर हीच अट तिथल्या प्रवेशालाही लागू.

विनाअनुदानित शाळेच्या या जबाबदारीला कलमात ‘जवळ दुसरी शाळा नसेल तर’ अशी कोणतीही पुस्ती जोडलेली नाही. सगळे प्रकरण शेवटी या एका गोष्टीवर निकाली निघाले.

महाराष्ट्रात वंचित गटांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग, अनाथ अशी मुले येतात आणि दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. प्रवेश राज्यस्तरीय ऑनलाइन सोडतीने होतात. पालक नकाशावर घराची खूण करतात, दहापर्यंत शाळा निवडतात, लॉटरी लागली की पडताळणी समितीपुढे कागद घेऊन उभे राहतात. जन्मदाखला, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि झोपडपट्टीतल्या खोलीचा मालक तो करून देईलच असे नसते. लॉटरी लागूनही या एका कागदापायी प्रवेश हातचा जाऊ शकतो.

शाळेला या मुलांचे पैसे राज्याने द्यायचे असतात. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर करते तेवढा खर्च किंवा त्या खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये आहे. करोनाच्या काळात तो ८,००० रुपयांवर आणला होता. दर अपुरा आहे ही शाळांची एक तक्रार आणि तोही वर्षानुवर्षे थकतो ही दुसरी. थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली आणि जवळजवळ दरवर्षी प्रवेशाच्या तोंडावर संस्थाचालकांच्या संघटना बहिष्काराची भाषा करू लागल्या. २०२४च्या अधिसूचनेकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. एक किलोमीटरच्या अटीने राज्याचा प्रतिपूर्तीचा बोजा आपोआप हलका होणार होता आणि शाळांना नको असलेली जबाबदारी जाणार होती. दोन्ही पक्ष सुटणार होते. मुलाचा पालक या हिशेबात कुठेच नव्हता.

शासनाची बाजू

ती नीट ऐकली पाहिजे, कारण ती मांडणारे सगळे गरिबांच्या विरोधात होते असे मानणे अन्यायाचे होईल.

पहिला मुद्दा असा की शाळा उभारण्याची मूळ जबाबदारी सरकारची आहे. कायद्याचे कलम ६ सांगते की परिसरात शाळा नसेल तर कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत ती सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने काढायची. मग जिथे ती आहेच, तिथे सार्वजनिक पैसा खासगी शाळेला का द्यायचा? दुसरा मुद्दा पटसंख्येचा. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा ओस पडत आहेत, शिक्षक अतिरिक्त ठरत आहेत आणि त्याच वेळी सरकार मुले खासगी शाळांकडे पाठवून त्यांचे पैसेही भरते आहे, हे विसंगत आहे.

शिक्षण चळवळीतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांनाही हा युक्तिवाद अर्धा पटतो, आणि त्यामागे इतिहास आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची शिफारस केली होती. परिसरातली सगळी मुले, घरची ऐपत काहीही असो, परिसरातल्याच शाळेत जातील, ही शेजारशाळेची कल्पना. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्य घातले. त्यांच्या मार्गाने विचार करणाऱ्याला २५ टक्क्यांची तरतूद तोकडीच वाटणार. ती काही मुलांना चिठ्ठी टाकून चांगल्या शाळेत पोहोचवते आणि बाकीच्यांची शाळा आहे तशीच ठेवते. ही टीका मला मान्य आहे.

पण या टीकेतून निघणारी पुढची पायरी कोणती? समान शाळा हवी असेल तर ऐपतदारांची मुलेही सरकारी शाळेत यायला हवीत. अधिसूचनेने त्यांना हातही लावला नाही. पैसे भरू शकणाऱ्या कुटुंबाची निवड तशीच मोकळी राहिली आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाची तेवढी बंद झाली.

पटसंख्येचा हिशेबही तपासून पाहावा. राज्यात शाळेत जाणारी मुले २ कोटींहून अधिक आहेत. आरटीईच्या जागा वर्षाला साधारण १ लाख, आणि त्याही कधी पूर्ण भरत नाहीत. आठही इयत्तांच्या सगळ्या जागा भरल्या असे धरले तरी बेरीज ८ लाखांच्या आसपास जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट या मुलांनी रिकामा केलेला नाही. तो रिकामा केला तो फी भरून गेलेल्यांनी, वर्षानुवर्षे, इंग्रजी माध्यमाच्या ओढीने आणि गावातल्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो हे पाहून.

याच महिन्यांतल्या दुसऱ्या एका निर्णयाकडे लक्ष वेधतो, कारण दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय चित्र दिसत नाही. फेब्रुवारीत शासन म्हणाले की गरीब मुलांनी जवळच्या सरकारी शाळेत जावे. १५ मार्च २०२४ रोजी त्याच विभागाने संच मान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांची किती पदे मिळतील ते ठरवण्याचे, नवे निकष आणले आणि कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची नियमित पदे घटण्याची वाट मोकळी झाली. त्याविरुद्ध शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्याआधी, २०२३च्या उत्तरार्धात, २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव फिरत होता. अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ हे त्याचे नमुने म्हणून दाखवले गेले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शाळा संकुलाची जी कल्पना आहे तिचा आधार या प्रस्तावाला दिला जातो. धोरणातले संकुल म्हणजे एका माध्यमिक शाळेभोवती आजूबाजूच्या शाळांनी शिक्षक, प्रयोगशाळा, वाचनालय वाटून घेणे. तेच धोरण शिक्षणावरचा सार्वजनिक खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर नेण्याचेही सांगते. संकुल उचलायचे आणि खर्चाचे वाक्य मागे ठेवायचे, असे चालले तर ‘धोरणाची अंमलबजावणी’ या शब्दाला अर्थ उरत नाही. सरकारी शाळा बळकट करणे हे खरे उद्दिष्ट असते, तर आधी या शाळांतली शिक्षकांची पदे टिकवली गेली असती.

एप्रिल आणि मे : पालकांनी दिलेले उत्तर

नवीन नियमाप्रमाणे २०२४-२५ ची प्रवेशप्रक्रिया १६ एप्रिलला सुरू झाली. संकेतस्थळावर शाळांची संख्या एकदम ७६ हजारांवर गेली आणि जागा ८ लाख ८६ हजारांवर. आदल्या वर्षापर्यंत जागा लाखभर असत, म्हणजे आकड्याने पाहिले तर नऊपट वाढ. पण या जागा बहुतांश जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल कधीही, कोणतीही लॉटरी न लागता, दाखला दाखवून पहिलीत बसू शकते. तिथे शिक्षण कायद्यानेच सगळ्यांना मोफत आहे. जे आधीच हक्काचे होते त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला काढायचा आणि सोडतीची वाट पाहायची, असा तो प्रकार झाला.

पालकांनी त्याकडे पाठ फिरवली. मुदतवाढ देऊनही जवळपास ९ लाख जागांसाठी लाखभर अर्जसुद्धा आले नाहीत. अनेकांनी अर्ज भरायला घेतला, शाळांची यादी उघडली, घराशेजारच्या इंग्रजी शाळेचे नाव त्यात नाही हे पाहिले आणि सायबर कॅफेतून परत गेले.

६ मे रोजी स्थगिती आली. विभागाने जुन्या नियमाने नवी प्रक्रिया १७ मेपासून सुरू केली. यादीत आता फक्त खासगी शाळा होत्या, ९ हजारांच्या थोड्या वर, आणि जागा सुमारे १ लाख ५ हजार. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपेपर्यंत २ लाख ४२ हजारांहून अधिक अर्ज आले होते.

या दोन आकड्यांमधला फरक हा या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे असे मी मानतो. त्यावर कोणी असे म्हणेल की पालकांना इंग्रजीचे वेड आहे, खासगी शाळा चांगली असतेच असे नाही. खरे आहे. अनेक खासगी शाळांतले अध्यापन सुमार असते आणि जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक त्यांच्यापेक्षा सरस असतात. मराठी माध्यम ओस पडण्याचे दुःख मलाही आहे. पण हे दुःख दूर करण्याचा भार घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीवरच का टाकायचा? मराठी शाळेचा कैवार घेणाऱ्या किती घरांतली मुले मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

शिवाय सरकारी शाळा म्हटले की पालक पळतात, हेही सरसकट खरे नाही. मुंबई महापालिकेने २०२१ साली सीबीएसई मंडळाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेश सोडतीने द्यावे लागले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी बाहेरगावच्या पालकांनी प्रतीक्षा यादीत नावे घातली. शाळा चांगली आहे याची खात्री पटली की लोक तिच्या दारावरची पाटी सरकारी आहे की खासगी हे पाहत नाहीत. फी नाही म्हटल्यावर तर मुळीच नाही.

न्यायालयात

मुंबईत आणि नागपूर खंडपीठापुढे पालकांनी, संस्थांनी याचिका दाखल केल्या. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने ६ मे रोजी स्थगिती दिली आणि अंतिम निकाल मुख्य न्यायमूर्ती उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी १९ जुलैला दिला. कायद्याचा मुद्दा फार गुंतागुंतीचा नव्हता. संसदेने केलेल्या अधिनियमाने खासगी शाळेवर विनाअट जबाबदारी टाकली आहे. राज्याला मिळालेला अधिकार त्या अधिनियमाची अंमलबजावणी करणारे नियम करण्याचा आहे, अधिनियमात नसलेली सूट नियमांतून निर्माण करण्याचा नाही. अधिसूचना अधिनियमाशी आणि अनुच्छेद २१-कशी विसंगत ठरली आणि रद्द झाली.

राज्याला खरोखर धोरण बदलायचे होते तर मार्ग होता. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणायचे, त्यावर उघड चर्चा होऊ द्यायची, मंजूर झाल्यावर राष्ट्रपतींची संमती घ्यायची. त्या चर्चेत प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघातल्या पालकांपुढे उभे राहून बाजू घ्यावी लागली असती. नियमांत परंतुक घालण्याने ते टळले. इतका खोल परिणाम करणारा बदल या वाटेने यावा, ही गोष्ट मला त्याच्या आशयाइतकीच गंभीर वाटते.

कर्नाटकात हेच आधी घडले होते. २०१९च्या सुरुवातीला तिथल्या नियमांत अशीच दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परिणाम असा की दीड लाखाच्या आसपास असलेल्या जागा एका वर्षात काही हजारांवर आल्या. महाराष्ट्राच्या दुरुस्तीचा साचा तोच होता. सीमेच्या दोन बाजूंना दोन उच्च न्यायालयांनी एकाच केंद्रीय कायद्याचा वेगळा अर्थ लावला. आज निपाणीतल्या मुलाला जे नाही ते कागलच्या मुलाला आहे, आणि दोन गावांत फार अंतरही नाही.

९ ऑगस्टला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. सुनावणीत त्यांनी एक मुद्दा मांडला, जो खासगी शाळांच्या पालकांनीही ऐकण्यासारखा आहे. या तरतुदीचा फायदा गरीब मुलालाच होतो असे नाही, सुखवस्तू घरातल्या मुलालाही आपला देश कसा आहे हे त्यातून कळते, असा त्याचा रोख होता. २०१२ साली १२ एप्रिलला याच २५ टक्क्यांची वैधता सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मान्य केली होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी मिटलेला वाद राज्याने नव्या वाटेने पुन्हा उकरला होता.

निकाल लागला, शाळा सुरू झालेली होती

पालकांच्या दृष्टीने १९ जुलै उशीरच होता. सोडत ७ जूनला निघाली, पण निकाल न्यायालयातल्या सुनावणीमुळे थांबला आणि यादी लागली ती २० जुलैला. त्या वर्षी राज्यात शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भात १ जुलैला. केंद्रीय मंडळांच्या शाळा तर एप्रिलपासून चालू होत्या. पहिलीतले मूल वर्गात बसते तेव्हा बाकीच्यांची ओळख झालेली असते, मुळाक्षरे गिरवून झालेली असतात, बाईंना सगळ्यांची नावे पाठ झालेली असतात. ऑगस्टमध्ये दाखल होणारे मूल सगळ्यांना ‘नंतर आलेले’ म्हणून दिसते, आणि आरटीईचे मूल म्हणून ओळखू येण्याची भीती असते तिथे हे उशिरा येणे आणखी टोचते. अनेक पालकांनी वाट न पाहता जूनमध्ये उसने पैसे काढून दुसरीकडे नाव घातले. त्यांना पुन्हा शाळा बदलायची की भरलेले पैसे वाचवायचे हे ठरवावे लागले.

काही खासगी शाळांनी फेब्रुवारी ते मे या काळात राखीव जागा खुल्या प्रवर्गातून भरून टाकल्या होत्या. न्यायालयाने त्या मुलांना हात लावला नाही, त्यांचे प्रवेश कायम ठेवले, आणि २५ टक्क्यांची जबाबदारी मात्र शाळांवर तशीच राहील असे बजावले. हा मार्ग मला योग्य वाटतो, दोन्हीकडच्या मुलांचा दोष नव्हता. वर्गखोल्यांत बाके किती मावतात हा प्रश्न मग मुख्याध्यापकांनी सोडवायचा होता.

पुढच्या वर्षी प्रक्रिया लवकर सुरू झाली. २०२५-२६ साठी फेब्रुवारीतच सोडत निघाली. जागा सुमारे १ लाख ९ हजार, अर्ज ३ लाखांहून अधिक. उशिराबद्दलची तक्रार विभागाने ऐकली, हे नोंदवायला हवे.

जे सुटले नाही

१७,६७० रुपयांचा दर आणि थकबाकी या दोन गोष्टी सर्वांत आधी. राज्याने पैसे वेळेवर दिले नाहीत की शाळा त्याची वसुली दुसऱ्या मार्गाने करू लागते. पुस्तके, गणवेश, बस, सहल, ‘उपक्रम शुल्क’. फी माफ असलेल्या मुलाच्या पालकाला वर्षाला काही हजार रुपये असे द्यावे लागतात आणि तक्रार करायला तो कचरतो, कारण मूल रोज त्याच शाळेत जाणार असते. गटशिक्षणाधिकाऱ्याने शाळेला नोटीस काढली तर शाळा थकबाकीचा कागद पुढे करते आणि बोलणे तिथेच थांबते. प्रतिपूर्तीची रक्कम दर सहा महिन्यांनी थेट आणि उघडपणे, शाळानिहाय यादीसह, दिली गेली तर अर्ध्या तक्रारी मिटतील असे माझे मत आहे. खर्च करण्याची तयारी नसेल तर नियम कितीही चांगला असो, त्याची झीज याच ठिकाणी होते.

दुसरी गोष्ट अल्पसंख्याक दर्जाची. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून पूर्ण बाहेर गेल्या. मुंबईतल्या कितीतरी नामांकित शाळांना धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे, त्यामुळे तिथे २५ टक्के लागूच होत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ रोजी, शिक्षक पात्रता परीक्षेविषयीच्या (टीईटी) प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाच्या बरोबर असण्याविषयीच शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्याची भूमिका घेतली. त्याचा शेवट काय होईल त्यावर शहरांतल्या हजारो जागा अवलंबून आहेत. टीईटीच्या चर्चेत हा भाग झाकोळून गेला.

आणि तिसरी गोष्ट नववीची. कायद्याचे संरक्षण आठवी संपेपर्यंत, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत. सहाव्या वर्षी इंग्रजी शाळेत गेलेले मूल चौदाव्या वर्षी त्याच शाळेत नववीत जाते तेव्हा त्याच्या वडिलांच्या हातात पूर्ण फीची पावती पडते. शहरातल्या मध्यम शाळेची ती फी घरच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी असू शकते. मग ऐन दहावीच्या तोंडावर शाळा सोडायची, माध्यम बदलायचे, आठ वर्षांच्या मैत्रिणी सोडायच्या. मुलींच्या बाबतीत काही घरांत एवढ्याने शिक्षणच थांबते. पहिल्या वर्षांत आरटीईतून दाखल झालेल्या तुकड्या या टप्प्यातून याआधीच गेल्या आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने पूर्वप्राथमिक ते माध्यमिक स्तरापर्यंत २०३० पर्यंत १०० टक्के पटनोंदणीचे लक्ष्य ठेवले आहे. कायदा मात्र अजून १४ वर्षांवरच थांबलेला आहे. जुलै २०२४ च्या निकालाने ज्यांना पहिलीत जागा मिळाली ती मुले २०३१-३२ मध्ये आठवीत असतील. त्यांची बारावीपर्यंतची फी कोण भरणार, हे ठरवायला विधिमंडळाकडे आणि संसदेकडे तोपर्यंतचा वेळ आहे. ही तरतूद करायला कोणा न्यायालयाने सांगण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि या वेळी ती परंतुकातून नव्हे, सभागृहात विधेयक मांडून यावी.